‘इथं पोहायला हरकत नाही’ हे ॲप कशावरून सांगतं? समुद्र-तलावाच्या पाण्याचे निकष, पर्सेंटाइल आणि तो हिरवा ठिपका

मागच्या ऑक्टोबरात आम्ही ऑफिसमधले सहाजण कोकणात समुद्रावर गेलो होतो. सोबत माझ्या ताईचा सात वर्षांचा मुलगा होता. पाण्यात उतरायच्या आधी एकाने फोनवर ॲप उघडलं. त्या किनाऱ्यावर हिरवा ठिपका होता आणि खाली ‘वॉटर क्वालिटी: गुड’ असं लिहिलं होतं. आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी भाच्याला जुलाब सुरू झाले. ते समुद्रामुळेच झाले असं मी म्हणणार नाही, कारण पठ्ठ्याने त्या दिवशी भेळ, बर्फाचा गोळा आणि गाडीवरचं सरबत असं सगळंच हाणलं होतं. पण घरी आल्यावर मी त्या ॲपचं माहितीचं पान उघडलं. तो ठिपका वर्षभराच्या सरासरी निर्देशांकावरून काढलेला होता. आम्ही गेलो त्या आठवड्याचं पाणी कुणी तपासलेलंच नव्हतं.

ॲपचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका ॲपचा नाही. पाणी ‘चांगलं’ ठरवायचा निकष कुणी, कसा आणि कुणाला डोळ्यासमोर ठेवून बनवला, यावर ठिपक्याचा रंग ठरतो. आणि जगभरात हे निकष एकसारखे नाहीत. एकच पाणी एका देशात पास आणि दुसऱ्या देशात नापास होऊ शकतं. कसं ते खाली गणित करून दाखवतो.

मोजतात तरी काय?

पोहणाऱ्याला आजारी पाडणारे बहुतेक जंतू मैलापाण्यातून येतात: नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, साल्मोनेला वगैरे. प्रत्येक जंतू वेगळा शोधायचा तर टेस्ट महाग, वेळखाऊ, आणि जंतू पाण्यात इतके विरळ असतात की नमुन्यात सापडतीलच असं नाही. म्हणून जुगाड केला जातो. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात कायम राहणारे, सहज मोजता येणारे जिवाणू मोजायचे. ते पाण्यात असतील तर विष्ठा मिसळली आहे, आणि विष्ठा असेल तर बाकीची मंडळीही असू शकतात. यांना निर्देशक जिवाणू म्हणतात. यातली मुख्य नावं दोन: ई. कोलाय आणि एन्टरोकॉकाय. भारतात अजून प्रामुख्याने ‘फिकल कोलिफॉर्म’ मोजतात. तो थोडा मोठा गट आहे आणि ई. कोलाय त्यातलाच एक सदस्य.

खाऱ्या पाण्यात आणि उन्हात ई. कोलाय लवकर मरतो, एन्टरोकॉकाय जरा चिवट असतो. म्हणून समुद्रासाठी एन्टरोकॉकायवर जास्त भरवसा ठेवतात. याच कारणाने सकाळी सहाला घेतलेला नमुना आणि दुपारी दोनला घेतलेला नमुना यांचे आकडे एकाच किनाऱ्यावर खूप वेगळे येऊ शकतात. नमुना कधी घ्यायचा हाही निकषाचाच भाग आहे, हे लक्षात ठेवा.

आकडा दोन एककांत दिसेल. सीएफयू म्हणजे बशीत वाढवलेल्या वसाहती मोजून काढलेला आकडा. एमपीएन म्हणजे अनेक नळ्यांपैकी किती नळ्यांत वाढ झाली यावरून संभाव्यतेच्या गणिताने काढलेला अंदाज. आपल्याकडचे बहुतेक आकडे एमपीएनमध्ये असतात. अंदाज म्हणजे खरंच अंदाज: खरा आकडा छापलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापासून तिपटीपर्यंत कुठेही असू शकतो. त्यामुळे ९० आला म्हणून टाळ्या आणि ११० आला म्हणून बोंबाबोंब, दोन्ही चूक.

मर्यादा ठरवायला माणसं समुद्रात पाठवली

शंभर मिलिलिटरमध्ये किती एन्टरोकॉकाय चालतील, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी माणसं पोहायला हवीत आणि त्यातली किती आजारी पडली ते मोजायला हवं. १९८९ ते १९९२ या काळात ब्रिटनमधल्या चार किनाऱ्यांवर नेमकं हेच केलं गेलं. डेव्हिड के आणि सहकाऱ्यांनी बाराशेहून जास्त प्रौढ स्वयंसेवक घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट पाण्यात उतरला, त्यांनी डोकंही बुडवलं. दुसरा गट वाळूवर थांबला. पाण्याचे नमुने माणसं जिथे होती तिथूनच, छातीएवढ्या खोलीवरून घेतले. निष्कर्ष १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: पाण्यातल्या या जिवाणूंची संख्या शंभर मिलिलिटरला साधारण ३२ च्या वर गेली की पोट बिघडण्याचा धोका आकड्याबरोबर चढत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. त्यांनी समुद्राचे चार वर्ग केले. एन्टरोकॉकायचा ९५ वा पर्सेंटाइल ४० पर्यंत असेल तर एका पोहण्यामागे पोट बिघडण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी. ४१ ते २०० मध्ये १ ते ५ टक्के, २०१ ते ५०० मध्ये ५ ते १० टक्के, आणि ५०० च्या वर १० टक्क्यांहून जास्त.

म्हणजे ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ अशी रेघ निसर्गाने मारलेली नाही. वीस जणांमागे एक आजारी पडला तर चालेल का, की शंभरात एक, हे माणसांनी ठरवायचं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१२ च्या निकषांत हे उघडपणे लिहिलं आहे. राज्यांना दोन पर्याय दिले: हजार पोहणाऱ्यांमागे ३६ आजारी चालतील असं मानणारा, आणि ३२ चालतील असं मानणारा. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. आकड्यामागे कुणाची किती पोटं बिघडणार ते कागदावर तरी आहे.

आता गोम. ब्रिटनच्या प्रयोगात फक्त प्रौढ होते आणि पाणी थंड होतं. अमेरिकेत स्विमिंग पूलमध्ये केलेल्या एका छोट्या अभ्यासात, पाऊण तास पोहताना प्रौढ सरासरी १६ मिलिलिटर पाणी गिळतात आणि मुलं ३७ मिलिलिटर, असं दिसलं. दुपटीहून जास्त. माझा भाचा ज्या तऱ्हेने लाटेत तोंड उघडं ठेवून किंचाळत होता, ते पाहता ३७ सुद्धा कमी वाटतात. प्रौढांवरून बेतलेला निकष मुलांना लावणं कितपत न्याय्य, हा वाद अजून मिटलेला नाही.

थंड पाण्याचा मुद्दा उलट बाजूनेही लागतो. हवाईमध्ये रॉजर फुजिओका यांनी दाखवलं की उष्ण, दमट मातीत हे निर्देशक जिवाणू विष्ठा नसतानाही राहतात आणि वाढतात. पाऊस पडला की मातीसकट समुद्रात येतात आणि आकडा फुगतो. तिथे मग क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा दुसरा जिवाणू जोडीला मोजायला लागले, मैलापाणी खरंच आहे का हे ताडून बघायला. युरोपातला निकष जसाच्या तसा उचलून कोकणाला लावला तर काही वेळा आपण विनाकारण घाबरू, आणि मुलांच्या बाबतीत विनाकारण निश्चिंत राहू. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

सरासरी की पर्सेंटाइल?

आता माझ्या आवडीचा भाग. ज्यांनी सीईटीचा निकाल पाहिलाय त्यांना पर्सेंटाइल समजावून सांगायची गरज नाही. सॉफ्टवेअरमध्येही आम्ही सर्व्हरचा वेग सरासरीने मोजत नाही, ‘पी-९५’ बघतो. म्हणजे शंभरातल्या ९५ युजर्सना किती वेळात उत्तर मिळालं. सरासरी झकास आणि तरी रोज हजारो लोक लोडिंगचं चक्र बघत बसलेत, हे सहज होतं. पाण्याचंही तसंच. वर्षातले तीनशे दिवस पाणी काचेसारखं असेल, पण तुम्ही गेलात तो दिवस उरलेल्यांपैकी निघाला तर सरासरीचा काय उपयोग?

युरोपियन युनियनने २००६ च्या नियमावलीत पर्सेंटाइल घेतला. समुद्रासाठी एन्टरोकॉकायचा ९५ वा पर्सेंटाइल १०० पर्यंत असेल तर ‘उत्तम’, २०० पर्यंत ‘चांगलं’. तिसरा वर्ग ‘पुरेसं’, त्याची मर्यादा १८५. इथे बरेच जण फसतात: १८५ तर २०० पेक्षा कमी, मग ‘पुरेसं’ हा ‘चांगलं’पेक्षा कडक कसा? तर १८५ ही मर्यादा ९० व्या पर्सेंटाइलला लागते, ९५ व्याला नाही. दहा टक्के नमुने तिच्या वर गेले तरी चालतात, म्हणून ती ढिली. ई. कोलायच्या मर्यादा अनुक्रमे २५०, ५०० आणि पुन्हा ९० व्या पर्सेंटाइलला ५००. तलाव-नद्यांना ‘उत्तम’ आणि ‘चांगलं’ यांच्या मर्यादा समुद्राच्या दुप्पट आहेत. कारण समुद्रात निर्देशक जिवाणू झपाट्याने मरतात पण काही विषाणू टिकून राहतात, त्यामुळे समुद्रातला छोटा आकडाही जास्त गंभीर धरावा लागतो.

हे वर्गीकरण चार हंगामांच्या डेटावरून, साधारणपणे किमान १६ नमुन्यांवरून करतात. १६ नमुन्यांत ९५ वा पर्सेंटाइल कसा काढणार? सगळ्यात मोठा आकडाच तो ठरेल. म्हणून नियमावलीतच सूत्र दिलंय, एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होतं. प्रत्येक आकड्याचा १० च्या पायाचा लॉग घ्या. लॉगची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. डेव्हिएशनला १.६५ ने गुणून सरासरीत मिळवा आणि १० चा तेवढा घात करा. झाला ९५ वा. ९० व्यासाठी १.६५ च्या जागी १.२८२. लॉग कशाला? कारण जिवाणूंचे आकडे १२, ४०, ९, ३००० असे उड्या मारतात. आणि नमुन्यात शून्य आलं तर? शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून तिथे टेस्टला दिसू शकणारा सर्वांत लहान आकडा धरायचा. कोड लिहिताना ही केस विसरलात तर ॲप क्रॅश होणार, सांगून ठेवतो.

आता दोन काल्पनिक किनारे घेऊ. पहिला ‘एकसुरी’: आकडे कायम शंभरच्या आसपास, लॉग सरासरी २, डेव्हिएशन ०.१२. दुसरा ‘लहरी’: एरवी वीसच्या आसपास, पण पावसानंतर उसळणारा. लॉग सरासरी १.३०१, डेव्हिएशन ०.६२.

एकसुरीचा ९५ वा पर्सेंटाइल येतो १५८. युरोपात वर्ग ‘चांगलं’. लहरीचा ९५ वा येतो २११, म्हणजे ‘चांगलं’ हुकलं. ९० वा येतो १२५, म्हणजे ‘पुरेसं’. युरोपच्या नकाशावर एकसुरी वरचढ.

आता अमेरिकेचा ३६ आजारीवाला निकष लावा. तिथे दोन अटी: भूमितीय सरासरी ३५ पर्यंत, आणि १३० च्या वर दहा टक्क्यांहून जास्त नमुने नकोत. एकसुरीची भूमितीय सरासरी १००. नापास. लहरीची २०, आणि ९० वा पर्सेंटाइल १२५. पास! पाणी तेच, नमुने तेच, आणि निकाल नेमका उलटा. अमेरिकेत हा हिशोब तीस दिवसांच्या टप्प्यात करतात, पण मुद्दा बदलत नाही.

मग बरोबर कोण? माझं मत विचाराल तर पोहणाऱ्याला लहरी किनारा बरा, एका अटीवर: तो कधी बिघडतो हे त्याला वेळेत कळायला हवं. ते कळणार नसेल तर एकसुरी बरा, निदान धोका माहीत तरी आहे.

पावसाचा दिवस धरायचा की सोडायचा?

पॅरिसचं उदाहरण ताजं आहे. सेन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी नदी स्वच्छ करायला सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले. ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ जमिनीखाली ५० हजार घनमीटरची टाकी बांधली. कारण जुन्या पॅरिसमध्ये पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच गटारातून जातं, आणि जोराचा पाऊस आला की ते मिश्रण थेट नदीत. उद्घाटनाच्या दिवशी, २६ जुलैला, धो धो पाऊस पडला. ३० जुलैची पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. २०२५ च्या उन्हाळ्यात तीन ठिकाणी सामान्य लोकांसाठी पोहणं सुरू झालं, रोजच्या झेंड्याच्या रंगानुसार.

अशा पावसाळी दिवसाचा खराब नमुना वर्षाच्या हिशोबात धरावा का? युरोपचा नियम सांगतो, मर्यादित प्रमाणात वगळू शकता, पण लोकांना आधी सावध करणारी व्यवस्था असेल तरच. ही अट मला सगळ्या नियमावलीत सर्वांत न्याय्य वाटते. किनाऱ्यावरच्या नारळपाणीवाल्याचा धंदा दोन दिवसांच्या पावसाने वर्षभर बदनाम होऊ नये, आणि त्याच वेळी लोकांना न सांगता वाईट आकडे गुपचूप डिलीटही होऊ नयेत. सांगितलं असेल तरच वगळा.

अडचण अशी की नेहमीच्या टेस्टला जिवाणू वाढवायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे आज दिसणारा झेंडा कालच्या पाण्याचा. डीएनए मोजणारी क्यूपीसीआर टेस्ट काही तासांत उत्तर देते, पण ती महाग आहे आणि मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजते. म्हणून काही ठिकाणी पाऊस, वारा, भरती-ओहोटी यांवरून मॉडेल चालवून अंदाज देतात, हवामानासारखा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची ‘सेफस्विम’ सेवा असंच करते. इंग्लंडची ‘स्विमफो’ही काही किनाऱ्यांसाठी रोजचा धोका वर्तवते.

न्यूझीलंडचीच दुसरी गोष्ट मात्र सांगायलाच हवी. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की २०४० पर्यंत ९० टक्के नद्या-तलाव पोहण्याजोगे करू. सोबत ‘पोहण्याजोगं’ची नवी व्याख्याही आली: ई. कोलाय ५४० च्या वर जाण्याचं प्रमाण वेळेच्या २० टक्क्यांपर्यंत असेल तरी चालेल. लोक भडकले. नदी तीच, व्याख्या ढिली, आणि नकाशा एका रात्रीत हिरवा. टीका इतकी झाली की त्याच वर्षी त्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या.

आपल्याकडे काय?

भारतात समुद्रासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एसडब्ल्यू-२ हा वर्ग आहे: पोहणं, पाण्यातले खेळ आणि व्यावसायिक मासेमारी. त्यात फिकल कोलिफॉर्म १०० एमपीएन. नद्या-तलावांत स्नानासाठी २००० सालच्या अधिसूचनेत दोन आकडे आहेत: ५०० असावं हे इष्ट, आणि जास्तीत जास्त २५००. शिवाय फिकल स्ट्रेप्टोकॉकाय १०० इष्ट, ५०० कमाल. म्हणजे आकडे आहेत, आणि समुद्राचा तर चांगला कडक आहे. मुंबईच्या किनाऱ्यांवर तो अनेकदा ओलांडला जातो, हेही आकड्यांतच दिसतं. मग कमी कशाची? तर वर्गीकरणाची पद्धत, नमुन्यांची संख्या आणि वेळेत सांगणं यांची.

२०२५ च्या महाकुंभात याचा नमुना दिसला. केंद्रीय मंडळाने आधी राष्ट्रीय हरित लवादाला कळवलं की प्रयागराजला अनेक ठिकाणी, अनेक वेळा पाणी फिकल कोलिफॉर्ममुळे स्नानाच्या निकषात बसत नव्हतं. काही दिवसांनी त्याच मंडळाचा दुसरा अहवाल आला: सांख्यिकी विश्लेषणानुसार पाणी स्नानयोग्य होतं, फिकल कोलिफॉर्मचा मध्यक, म्हणजे मीडियन, १४०० आणि मर्यादा २५००. सोशल मीडियावर दोन गट पडून हाणामारी झाली. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मीडियन फक्त एवढंच सांगतो की अर्धे नमुने १४०० च्या खाली होते. उरलेले अर्धे २६०० होते की २६ हजार, याने मीडियनला काडीचा फरक पडत नाही. दिवसाला कोट्यवधी माणसं पाण्यात उतरणार असतील, तर त्या वरच्या अर्ध्यात डुबकी मारणाऱ्याने मीडियन घेऊन करायचं काय?

आणि आमच्या त्या ॲपमधला निर्देशांक? आपल्याकडे प्रचलित असलेल्या जल गुणवत्ता निर्देशांकात विरघळलेल्या ऑक्सिजनला ०.३१, फिकल कोलिफॉर्मला ०.२८, सामूला ०.२२ आणि बीओडीला ०.१९ वजन असतं. चारही मिळून एक आकडा. लाटांमुळे समुद्रात ऑक्सिजन भरपूर, सामू ठीक, आणि मैल्याचा खराब आकडा त्यांच्या मार्कांत झाकला जातो. दहावीत गणितात नापास, पण एकूण टक्के ७२, तशातली गत. नदीची एकंदर तब्येत बघायला हा निर्देशांक ठीक आहे. पोहायला जाताना तो बघू नका.

‘ब्लू फ्लॅग’ हा शिक्का वेगळा. त्यासाठी युरोपच्या ‘उत्तम’ वर्गाएवढं पाणी लागतं, म्हणजे ९५ व्या पर्सेंटाइलला ई. कोलाय २५० आणि एन्टरोकॉकाय १००. २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना तो मिळाला. गुजरातचा शिवराजपूर, दीवचा घोघला, कर्नाटकचे कासरकोड आणि पडुबिद्री त्यात होते, महाराष्ट्र-गोव्यातला एकही नव्हता.

पुढच्या वेळी ॲप किंवा वेबसाइट उघडाल तेव्हा ठिपक्यावर बोट दाबून आत जा. नमुन्याची तारीख बघा. आकडा फिकल कोलिफॉर्मचा, एन्टरोकॉकायचा की नुसता निर्देशांक, ते बघा. खाडीचं तोंड किंवा नाला किती लांब आहे ते मॅपच्या सॅटेलाइट व्ह्यूमध्ये दिसतं. लॉस एंजेलिस परगण्यात पावसानंतर ७२ तास समुद्रात उतरू नका अशी सूचना देतात. आपल्याकडे परतीच्या पावसाची मोठी सर आली की हाच हिशोब धरायला हरकत नाही, आणि त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही. तलावाच्या पाण्यावर हिरवट रंगासारखा तवंग असेल तर तो निळ्या-हिरव्या शेवाळाचा असू शकतो. त्याचं विष वेगळं असतं, ते कोलिफॉर्मच्या आकड्यात येत नाही. लेप्टोचंही तसंच, तो उंदरांच्या मूत्रातून पसरतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, ठिपका कितीही हिरवा असो.

भाचा दोन दिवसांत बरा झाला. आता तो प्रत्येक समुद्राच्या फोटोवर मला विचारतो, “मामा, याचा पी-९५ किती?”